चोवीस दातांचं दंताळं

गवत गोळा करायचं यंत्र असतं! ट्रॅक्टरमागे लावायचं, वावरात फिरवायचं, आणि पसरलेलं सगळं वाळलेलं गवत एका ओळीत. हे मला मागच्या उन्हाळ्यात कळलं आणि तेव्हापासून घरात, पारावर, सोयऱ्यांच्या लग्नात, बँकेच्या रांगेत, कुठेही मी दुसऱ्या विषयावर धड बोललेलो नाही. बायको म्हणते, "तुमाले त्या दंताळ्यानं झपाटलं." झपाटलंच आहे. ज्याला आयुष्यभर गवत ओढावं लागलं त्यालाच हे झपाटलेपण कळेल.

नवलाचं कारण सांगतो. नांगरणी, वखरणी, पेरणी, डवरणी, फवारणी, मळणी, या सगळ्यांना आमच्या गावात ट्रॅक्टर लागला त्याला जमाना झाला. सोयाबीनच्या वावरात हार्वेस्टर शिरला. गवत कापायला विळ्याच्या जागी ब्रश कटर आला. कडबा कापायला कुट्टी यंत्र तर घरोघरी आहे. पण कापणी आणि कुट्टी यांच्या मधलं जे काम, म्हणजे कापून पसरलेलं गवत वाळलं की ते ओढून एका जागी आणणं, ते अजून लाकडी दंताळं आणि वाकलेली कंबर यांच्यावरच चाललं होतं. त्यालाही यंत्र असेल का, असा प्रश्न गावात कोणी कोणाला विचारला नाही. ज्यांच्या अंगणात पंधरा अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर उभा आहे त्यांनीही नाही!

आता आमचं गवत म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल हा माणूस बागेतल्या हिरवळीबद्दल बोलतो आहे. कारंजा घाडगे, आर्वी, आष्टी हा वर्धा जिल्ह्याचा चढउताराचा पट्टा. खाली देवळी, हिंगणघाटकडे काळी कसदार जमीन, कापूस आणि सोयाबीन. इकडे वरच्या अंगाला मुरमाड उतार, संत्र्याचे बगीचे आणि कुरणं. याच टापूत गौळाऊ गाय घडली. पांढरी, हलक्या अंगाची, चालायला चपळ. नंद गवळ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या या कुरणांवर जोपासली, आणि हेटीकुंडीला तिचं सरकारी पैदास केंद्र आहे. या गाईचं पोट भरतं ते पवना, मारवेल आणि कुसळी या गवतांवर. पावसाळ्यात ती उभ्याने चरते, पण दिवाळीपासून मृगापर्यंतचे सगळे महिने गंजीतल्या वाळलेल्या गवतावर, कडब्यावर आणि कुटारावर काढायचे. गंजी चांगली तर उन्हाळ्यात दूध, गंजी काळी पडली तर गाईच्या बरगड्या मोजून घ्या.

आणि गवत कापायची खरी वेळ कोणती? फुलोऱ्यात. म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. तेव्हा पानात कस असतो. बी पडेपर्यंत थांबलं की उरतात त्या काड्या, आणि कुसळी असेल तर तिची अणकुचीदार कुसळं गाईच्या तोंडात रुततात. पण बरोबर याच वेळी सोयाबीनची सोंगणी, तिची मळणी, हरभऱ्यासाठी वावर तयार करणं आणि पाठोपाठ कापसाची पहिली वेचणी. सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा, झाली की गावात एक बाई रिकामी सापडत नाही, आणि सापडली तरी गवत ओढायला कशाला येईल? वेचणीत वजनावर पैसे मिळतात. त्यामुळे ब्रश कटरनं झपाझप कापलेलं गवत वावरात तसंच पडून राहतं, वर एखादी चित्रा-स्वातीची सर येते, आणि सोन्यासारखा चारा तपकिरी होऊन बसतो. चाऱ्याची टंचाई म्हणून आपण जे ओरडतो त्यातला मोठा हिस्सा कापून न उचललेल्या गवताचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

तर मागच्या उन्हाळ्यात सेलूच्या रस्त्याने चाललो होतो. कडेच्या वावरात हार्वेस्टरने गहू काढलेला, काड पसरलेलं, आणि एका ट्रॅक्टरमागे पिवळ्या काट्याकाट्यांची मोठी चाकं फिरत होती. मोटरसायकल थांबवली. चाकं तिरपी. प्रत्येक चाकाच्या कडेला लोखंडी बोटं. ट्रॅक्टर पुढे गेला की ती आपोआप गरगर फिरतात, पहिलं चाक काड दुसऱ्याकडे लोटतं, दुसरं तिसऱ्याकडे, आणि शेवटच्या चाकाच्या बाजूला काडाची सलग, फुगीर, सरळ ओळ. मागचं वावर केसांतून कंगवा फिरवल्यासारखं साफ! त्या ओळीवरून दुसरा ट्रॅक्टर बेलर घेऊन येत होता आणि गठ्ठे बाहेर टाकत होता. बेलरकडे मी पाहिलंही नाही. मी त्या चाकांच्या मागे मागे वावरभर चालत गेलो. चालक ओरडला, "भाऊ, काही हरवलं का?"

घरी येऊन जे मिळेल ते वाचलं, जे भेटतील त्यांना विचारलं. आणि काय खजिना उघडला म्हणता! या यंत्राला इंग्रजीत 'हे-रेक' म्हणतात, म्हणजे वाळल्या गवताचं दंताळं, आणि त्याच्या जाती आहेत. एक फिरत्या हातांचं, ज्याला ट्रॅक्टरच्या पीटीओवरून, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावरून, गती द्यावी लागते. गवताला हळुवार, पाला झडू देत नाही, पण त्यात गिअरबॉक्स आहे आणि गिअरबॉक्स आला की किंमत आली. एक आडव्या दांड्यांच्या पिंजऱ्याचं, ते आपल्याकडे क्वचितच दिसेल. ही दोन्ही मी लगेच बाजूला ठेवली.

तिसरं ते मी पाहिलेलं, काटेरी चाकांचं. याची गोष्ट ऐका. हॉलंडमधल्या मासलंड गावी व्हॅन डर लेली बंधूंनी १९४८ साली हे रेक बाजारात आणलं आणि त्यावरच त्यांची लेली ही कंपनी उभी राहिली. आज ती कंपनी गाईचं दूध काढणारे यंत्रमानव बनवते, पण सुरुवात झाली ती या गवत ओढणाऱ्या चाकांनी. कल्पना किती साधी आहे बघा. चाकाला इंजिनाची शक्ती लागत नाही, साखळी नाही, पट्टा नाही. चाक जमिनीला टेकलेलं, चालीच्या दिशेला तिरपं, एवढंच. जमिनीशी होणारं घर्षणच त्याला फिरवतं. बिघडायला त्यात बेअरिंग आणि स्प्रिंगची बोटं यांशिवाय आहे काय? चार चाकांचं रेक छोटा ट्रॅक्टरही सहज ओढतो.

मग तेच का नाही घेतलं? कारण ते वेगावर खुलतं. सपाट वावरात ट्रॅक्टर जरा पळवला तरच चाकं गवत नीट पुढे फेकतात, आणि आमच्या मुरमाड उतारावर, दगडधोंड्यांतून, दर पन्नास पावलांवर धुरा, तिथे पळवणार कुठे? चाकांचा दाब जास्त झाला की गवताबरोबर माती आणि बारीक खडेही ओळीत येतात. शिवाय सलग ओळीचा खरा फायदा बेलरला. आमच्याकडे बेलर नाही. आम्हाला ढीग हवेत, काट्याने उचलून ट्रॉलीत टाकायला. ज्यांचं वावर हिंगणघाट-समुद्रपूरकडचं, सपाट आणि मोठं, आणि ज्यांच्या गावात भाड्याने बेलर फिरतो, त्यांनी डोळे मिटून चाकांचं रेक घ्यावं. लुधियाना आणि राजकोटकडच्या अवजारांच्या बाजारात ते मिळतं. महाडीबीटीवर कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अर्ज करता येतो. त्यात लहान आणि सीमांत शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे शेतकरी यांना किमतीच्या ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान असं सर्वसाधारण सूत्र आहे. मात्र प्रत्येक अवजाराला रुपयांची वरची मर्यादा असते आणि अनुदान तपासणी झालेल्या, यादीतल्या यंत्रालाच मिळतं. गावच्या मिस्त्रीनं केलेल्याला नाही.

आणि मी गावच्या मिस्त्रीकडे जायचं ठरवलं ते चौथ्या जातीमुळे. हे सगळ्यात जुनं, सगळ्यात साधं, आणि माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात शहाणं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यामागे चालायचं. दोन मोठी चाकं, मधे आडवा दांडा, दांड्याला खाली लोंबणारे कमानदार लोखंडी दात, आणि वर एक लोखंडी बैठक. शेतकरी बैठकीवर बसायचा, दात गवत ओढत न्यायचे, कमान भरली की तो पायाने खटका दाबायचा, दात वर उचलले जायचे आणि ढीग मागे सुटायचा. पुढच्या फेरीत ढीग पहिल्या ढिगाच्या शेजारीच सोडायचा. वावरभर आडव्या ओळी तयार. इंजिन नाही, पीटीओ नाही, काही नाही. आणि आपल्याकडे तर घोड्यापेक्षा मोठी सोय आहे. छोट्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक आहे! जे काम पायाने व्हायचं त्यातलं निम्मं बोटाने एक दांडी ओढून होतं. कागदावर या ट्रॅक्टरांची उचल पाचशे ते साडेसातशे किलोपर्यंत असते. दंताळ्याचं वजन त्यापुढे काहीच नाही.

तालुक्याच्या गावी ज्या मिस्त्रीकडे आम्ही वखराच्या पासा आणि ट्रॉलीचे फाळके दुरुस्त करतो, त्याच्या दुकानापुढच्या फरशीवर खडूने चित्र काढलं. आडवा दांडा, कमानी, तीन टेकूंची जोडणी. मी बोलत सुटलो होतो. तो विडी ओढत पाहत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, गवत धरलं तं जाईन, पण सुटन कसं?"

काय प्रश्न होता! कमानीची टोकं पुढे वळलेली. हायड्रॉलिकने सगळं वर उचललं तर गवत कमानीत बसून तेही वर येणार. घोड्याच्या रेकमध्ये दात दांड्याभोवती फिरतात म्हणून ढीग सुटतो. नुसतं उचलून भागत नाही, दात मागे पडायला हवेत. मग त्या फरशीवर पुसणं आणि काढणं सुरू झालं. शेजारचा पंक्चरवाला आला, थ्रेशर दुरुस्तीला आलेले दोन काकाजी आले, आणि जो तो खडू मागू लागला. शेवटी ठरलं ते असं. दात थेट चौकटीला लावायचे नाहीत. चौकटीच्या दोन टोकांना बुश बसवायचे, त्यात दोन इंची पाइप फिरता ठेवायचा, आणि दात त्या पाइपावर. पाइपाला एक खटका. खटका अडकलेला असेल तोवर दात ताठ. चालकाच्या हाताशी आलेली दोरी ओढली की खटका निघतो, कमानीत भरलेलं गवतच दातांना मागे लोटतं, पाइप फिरतो, ढीग मोकळा. लगेच हायड्रॉलिक उचलायचं, दात आपल्या वजनाने खाली लोंबतात आणि खटका परत आपल्या जागी बसतो. चौकटीला खाली उतरणाऱ्या चार-पाच साध्या सळया दातांच्या फटींतून ठेवल्या, म्हणजे दातांना अडकलेलं गवतही त्या सळया पुसून काढतात. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आता जे करणार आहेत त्यांच्यासाठी मापं. पहिलं काम खडूचं नाही, मोजपट्टीचं. आपला ट्रॅक्टर मोजा. पहिल्या श्रेणीच्या जोडणीत खालच्या दोन हातांच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि वरच्या दुव्याची पिन १९ ची असते. दोन हातांमधलं अंतर ६८३ मिलिमीटर. पण छोट्या ट्रॅक्टरांत अरुंद श्रेणीही आहे आणि तिथे हे अंतर फक्त ४०० आहे. शेजाऱ्याच्या कल्टिवेटरवरून माप उचललं तर चौकट ट्रॅक्टरला लागणारच नाही.

रुंदी सहा फूट, म्हणजे १.८ मीटर. याहून मोठं केलं की संत्र्याच्या ओळीत आणि धुऱ्याच्या फाटकात अडकतं. दातांमध्ये ७.५ सेंटिमीटर अंतर ठेवलं की चोवीस दात बसतात. पवन्यासारख्या लांब गवताला एवढी फट पुरते. दात १० मिलिमीटरच्या स्प्रिंग स्टीलचे. इथे काटकसर करू नका. आमच्या काकाजींचं म्हणणं होतं की घर बांधताना उरलेल्या सळया वाकवून लावा, फुकटात होईल. सळई पहिल्या दगडाला वाकते आणि वाकलेलीच राहते. स्प्रिंग स्टील मागे जातं आणि परत येतं. दाताच्या वरच्या टोकाला पाइपाच्या तुकड्याभोवती दोन वेटोळी द्यायची, आणि वेटोळ्याची दिशा अशी ठेवायची की ओढ आली की ते आवळलं जाईल, उलगडणार नाही. ही गोष्ट मला त्या दुकानात कळली आणि मी घरी आल्यावर दाराच्या स्प्रिंगा, कपड्यांचे चिमटे, उंदराचा पिंजरा, सगळं काढून बघितलं. खरंच की!

दुसरी पक्की गोष्ट, स्प्रिंग स्टीलला वेल्डिंग करायचं नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागी पोलाद ठिसूळ होतं आणि दात नेमका तिथेच तुटतो. पाइपावर ४० मिलिमीटरची साधी पट्टी वेल्ड करायची, तिला भोकं, आणि दात त्या पट्टीला क्लॅम्प आणि बोल्टने आवळायचे. तुटला तर वावरातच एक पाना घेऊन बदलता येतो. तुटून पडलेला दात मात्र शोधून उचलायचा. गवताबरोबर कुट्टीत गेला तर पात्याचं नुकसान, आणि तार-तुकडा गाईच्या पोटात गेला तर तिच्या जिवावर बेततं.

खर्चाचा आकडा मी सांगणार नाही, कारण लोखंडाचा भाव दर महिन्याला वेगळा. त्याऐवजी वजन सांगतो, भाव तुम्ही विचारा आणि गुणाकार करा. गोल सळईचं वजन काढायचं सूत्र प्रत्येक मिस्त्रीला तोंडपाठ असतं. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरला किती किलो ते आलं. म्हणजे १० मिलिमीटरची सळई मीटरला ०.६२ किलो. वेटोळ्यासकट एक दात दीड मीटरचा धरा, चोवीस दातांना साधारण बावीस किलो. दोन इंची पाइप मीटरला पाच किलोच्या आसपास, म्हणजे नऊ किलो. चौकटीला ५० बाय ५० बाय ६ चा अँगल, मीटरला साडेचार किलो, चार मीटर म्हणजे अठरा. वरच्या दुव्याचा त्रिकोण जाड पट्टीचा, बारा किलो. दोन लहान चाकं आणि नटबोल्ट धरून सगळं सत्तर किलोच्या आतबाहेर. भंगाराच्या दुकानात अँगल आणि पट्टी मिळून जाते. नवी घ्यायची ती फक्त दातांची सळई. ती दोन चाकं विसरू नका. ती दातांची टोकं जमिनीपासून बोटभर वर ठेवतात, नाहीतर काळ्या मातीच्या भेगांत दात रुततात आणि मुरमाडावर खडे गोळा होतात. बारीक फरक वरचा दुवा पिळून करायचा. तो आखूड केला की दातांची टोकं मागे वळतात, लांबवला की पुढे.

नवरात्र संपता संपता पहिलं गवत कापलं. आणि दंताळं खाली सोडलं. काय सांगू! मागे वळून पाहायचं नाही असं ट्रॅक्टरवर बसताना सगळे सांगतात, मी तर पुढे पाहायचंच विसरत होतो. सरसर आवाज करत गवत कमानीत चढत जातं, दाटतं, गोल होतं, दोरी ओढली की धप्पकन ढीग. परत दात खाली. शेजारच्या वावरातले सोंगणीचे लोक धुऱ्यावर येऊन उभे राहिले. आमची माय, जिनं हे काम हातानं जन्मभर केलं, ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "एवढंच होतं तं आधी काहून नाही केलं रे?" मायला उत्तर देण्याची सोय नव्हती.

हिशोब सोपा आहे. १.८ मीटर रुंदी, तासाला चार किलोमीटरची चाल, म्हणजे कागदावर तासाला ७२०० चौरस मीटर. एकर ४०४७ चौरस मीटरचा. वळणं, ढीग सोडणं, मधली बाभूळ टाळणं हे सगळं धरलं तरी तासाला एक एकर कुठे गेला नाही. आणि इंजिनावर ताण इतका कमी की डिझेलचा काटा हललेला दिसत नाही.

पण यंत्र हाती आलं म्हणून दुपारी बाराला वावरात पळू नये. गवत ओढायची वेळ सकाळची, दव नुकतं उडत असताना. तेव्हा पान लवचीक असतं, झडत नाही. कडक उन्हात ओढलं तर पाला जमिनीवर आणि काड्या ढिगात. लसूणघास किंवा बरसीम वाळवणाऱ्यांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं, कारण त्यांचा सगळा कस पानातच आहे. गवतात साधारण चाळीस टक्के ओलावा असताना ओळी करायच्या, ओळीत ते सुकू द्यायचं, आणि गंजी रचायची ती पंधरा ते अठरा टक्क्यांवर आल्यावरच. ओलं गवत गंजीत आतून तापतं, बुरशी धरते, आणि ताप फार वाढला तर पेटही घेतं. ओलावा मोजायला यंत्र नको. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर गवत बारीक कापून टाका, चमचाभर कोरडं मीठ टाका, झाकण लावून दोन मिनिटं हलवा. मिठाच्या गुठळ्या झाल्या तर अजून ऊन हवं. मीठ मोकळं राहिलं तर रचा गंजी. वीस रुपयांचीही ही प्रयोगशाळा नाही!

यंत्र कसं असावं याच्या अटी आपल्या जिल्ह्याला नव्या नाहीत. चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी मला आता पाठ झाल्या आहेत. किंमत दीडशे रुपयांच्या आत, वीस वर्षं टिकलं पाहिजे, आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको. पुढे १९३४ मध्ये वर्ध्यातच अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी मगनवाडीत त्याचं काम उभं केलं, आणि ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी मगन संग्रहालयाचं उद्‌घाटन केलं. शहरात कामाला गेलात तर एकदा आत जा आणि तिथले चरखे बघा, कुठला सांधा का तसा केला आहे ते बघा. शेतीच्या अवजारांकडे त्या नजरेने बघणारी माणसं आज मला सरकारी प्रदर्शनात दिसत नाहीत, तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात दिसतात. दुरुस्तीला पाच टक्क्यांची अट माझं दंताळं हसत पार करेल. बुशला ग्रीस आणि एखादा दात, यापलीकडे खर्चच नाही.

आणि हे केवळ गवताचं यंत्र आहे असं समजू नका. संत्र्याच्या बगीच्यात झाडं सहा बाय सहा मीटरवर असतात. मधल्या पट्ट्यातलं गवत कापून दंताळ्याने झाडांच्या ओळीकडे ओढलं की आळ्यावर आच्छादन तयार. एप्रिल-मे मध्ये खरिपाची तयारी करताना पऱ्हाटीची आणि तुरीची सुटी झालेली धसकटं, काडीकचरा वेचायला मजूर लावतो, नाहीतर वावरातच पेटवून देतो. तो काडीकचरा चोवीस दातांनी ओढून धुऱ्याला लावता येतो, मग त्याचं खत करा किंवा सरपण करा, पण पेटवू नका. हार्वेस्टरमागे पडलेलं गव्हाचं काडही ओढता येतं. सोंगलेल्या सोयाबीनवर मात्र हे चालवायचं नाही. शेंगा फुटून दाणे वावरात सांडतील आणि सगळा फायदा तिथेच जाईल.

सावधगिरीचं थोडकं. दोरी चालकाच्या हाताशीच बांधा, मागे चालणाऱ्या पोराच्या हातात देऊ नका. दंताळं उचललेलं असताना खाली वाकून गवत काढायचं नाही, आधी जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा. रस्त्यावरून नेताना दातांवर जुन्या पाइपाची आडवी पट्टी बांधा. जोडणीच्या पिनेत खिळा किंवा तार घालू नका, चाप असलेली पिनच लावा.

गौळाऊची संख्या का घटली, दूध का परवडत नाही, तरुण गुरं का विकतात, यावर पुष्कळ सभा होतात. जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात सगळं सोडून गोसेवेला वाहून घेतलं आणि ११ फेब्रुवारी १९४२ ला वर्ध्यातच देह ठेवला. त्या जिल्ह्यात गाईवर भाषणं कमी कधीच नव्हती. कमी पडतो तो चारा, आणि चारा वावरात पडून सडतो. माझं सगळ्या गोपालकांना सांगणं एवढंच आहे की छोटा ट्रॅक्टर दारात असेल तर हे अवजार चार घरांनी मिळून करा. गवतासाठी वर्षातून जेमतेम महिनाभर लागणारी वस्तू आहे, एका गावाला एक पुरते.

आणि करायचं असेल तर भाद्रपदातच मिस्त्रीकडे जा. दसऱ्यानंतर त्याच्या दुकानापुढे थ्रेशरची रांग लागते आणि तो तुमच्या खडूच्या चित्राकडे पाहणारही नाही.